शंभुनाथ डे यांचे पेपर कोणी वाचले? एका सायटेशन-नोंदीचा प्रकरण अभ्यास

३० मे १९५९च्या 'नेचर'मध्ये दोन पानंही धड न भरणारा एक शोधनिबंध छापून आला. लेखक एकच, शंभुनाथ डे, कलकत्ता मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक. पटकीचे (म्हणजे कॉलऱ्याचे) जंतू ज्या द्रवात वाढवले, त्या द्रवातून सगळे जंतू गाळून काढले तरी उरलेला स्वच्छ द्रव सशाच्या आतड्यात पटकीसारखंच पाणी साठवतो, एवढंच त्यात सांगितलं होतं. त्यातून निघणारा अर्थ मोठा होता. पटकीचा जंतू आतड्याला खात नाही, फाडत नाही, रक्तातही शिरत नाही. तो एक विष बाहेर सोडतो आणि पुढचं सगळं ते विष करतं. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातच हा जंतू वेगळा करून दाखवला होता आणि असं विष असावं असा अंदाजही मांडला होता. पाऊणशे वर्षं तो अंदाजच राहिला. सिद्ध झाला तोही कलकत्त्यातच.

पुढं काय झालं? सुरुवातीची काही वर्षं जवळपास काहीच नाही. डे १९७३ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर देशातला एकही मोठा पुरस्कार नव्हता, कुठल्याही राष्ट्रीय विज्ञान अकादमीचं सदस्यत्व नव्हतं. १५ एप्रिल १९८५ रोजी ते गेले. त्यानंतर वर्षभरातच, एप्रिल १९८६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या युजीन गारफील्ड यांनी 'करंट कंटेंट्स'मधल्या आपल्या सदरात पटकीवरच्या संशोधनाचा सायटेशन-नकाशा मांडला आणि त्यात डे यांच्या कामाचं स्थान दाखवलं. गारफील्ड म्हणजे 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू करणारा माणूस. कोणाचा पेपर कोणी संदर्भात घेतला याची पद्धतशीर वही जगाला त्यानं दिली.

आपल्याकडे ही गोष्ट सहसा एका ठरलेल्या वळणानं सांगितली जाते: थोर संशोधक, कोती व्यवस्था, सायटेशन मोजणारे करंटे. पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझा वाद नाही. तिसरीबद्दल आहे. डे यांची प्रकाशनांची नोंद नीट उलगडून पाहिली तर मोजणी त्यांच्या विरोधात गेली असं दिसत नाही. मोजणी त्यांच्या बाजूनं बोलत होती आणि ऐकायला कोणी बसलेलं नव्हतं, असं दिसतं.

यादी कशी घडली

डे यांचा जन्म १९१५चा, हुगळी जिल्ह्यातल्या गरीबाटी गावचा. घरची परिस्थिती बेताची, शिक्षण नातेवाइकांच्या आणि हितचिंतकांच्या आधारानं. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि काही वर्षांनी लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेत सर रॉय कॅमेरॉन यांच्याकडे पीएच.डी.साठी गेले. तिथला विषय पटकी नव्हता. मेंदूला इजा झाली की फुप्फुसात पाणी का भरतं, हा प्रश्न होता. १९४९ मध्ये कॅमेरॉन आणि डे यांच्या नावानं त्यावर निबंध आला आणि त्या विषयात तो आजही आधाराचा मानला जातो. कॅमेरॉन पहिले लेखक, डे दुसरे. हा क्रम लक्षात ठेवावा, पुढं त्याचं काम पडणार आहे.

कलकत्त्याला परतल्यावर ते नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात रुजू झाले. वॉर्डात पटकीचे रुग्ण, शवविच्छेदनाच्या टेबलावर पटकीचे मृतदेह. एक प्रश्न मूत्रपिंडाचा होता. पटकीत मूत्रपिंडं निकामी का होतात, यावर १९५४ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. आतड्यावरचा त्यांचा पहिला निबंध त्याच्या आदल्याच वर्षीचा, १९५३चा, म्हणजे दोन्ही कामं बहुधा शेजारी शेजारीच चाललेली. अशी यादी वाचताना मला एक गोष्ट जाणवते. फुप्फुसात पाणी कुठून येतं हा लंडनचा प्रश्न आणि आतड्यात पाणी कुठून येतं हा कलकत्त्याचा प्रश्न, हे फार लांबचे नाहीत. शरीरातलं पाणी चुकीच्या जागी का जमतं, यावर या माणसाची नजर आधीपासून बसलेली होती. निबंधांची संख्या मोजणाऱ्याला हा धागा दिसत नाही. त्याला दोन 'विषय बदललेले' पेपर दिसतात.

तीन निबंध

डे यांची खरी पुंजी तीन निबंधांत आहे.

पहिला १९५३चा, डे आणि चटर्जी यांचा. त्यात पद्धत आहे. बेशुद्ध केलेल्या सशाचं पोट उघडायचं, लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्यानं बांधायचा, रक्तपुरवठा शाबूत ठेवायचा, त्या बंद नळीत पटकीचे जंतू सोडायचे आणि पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो तुकडा भाताच्या पेजेसारख्या पाण्यानं टम्म फुगलेला. शेजारीच बांधलेला, पण जंतू न सोडलेला तुकडा कोरडा. प्रयोगाला महागडं उपकरण लागत नाही. ससा, दोरा, सुई आणि हुशार हात, एवढ्यावर काम भागतं.

एवढ्या साध्या प्रयोगात क्रांती कुठं होती? जागेत. त्याआधीची बरीच मंडळी प्राण्यांच्या शिरेत किंवा पोटाच्या पोकळीत जंतू टोचत होती. प्राणी मरायचे, पण पटकीनं नव्हे. मेलेल्या जंतूंच्या आवरणातल्या विषारी द्रव्यानं मरायचे, आणि त्यावरून पटकी म्हणजे अंतर्विषाचा खेळ असा समज पक्का होत जायचा. ज्या रोगाचा सगळा तमाशा आतड्याच्या पोकळीत होतो, तो तिथंच पाहावा, हे डे यांनी ठरवलं. गंमत अशी की अशीच पद्धत १९१५ मध्ये व्हिओल आणि क्रेंदिरोपुलो यांनी फ्रेंचमध्ये छापली होती आणि ती कोणाच्याच ध्यानात राहिली नव्हती. म्हणजे ज्यांची उपेक्षा झाली म्हणून आपण हळहळतो, त्यांच्याही आधी एक उपेक्षित जोडी उभी आहे. पटकीचा इतिहास या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू पाहून त्याचं वर्णन केलं होतं. त्यांच्या नावाला शास्त्रीय नामकरणात अधिकृत जागा मिळाली १९६५ मध्ये.

दुसरा निबंध १९५६चा, डे, भट्टाचार्य आणि सरकार यांचा. तोच बांधलेल्या आतड्याचा प्रयोग, पण जंतू वेगळा: जुलाबाच्या रुग्णांकडून घेतलेला ई. कोलाय, एरवी माणसाच्या आतड्यात सहसा राहणारा जंतू. काही ई. कोलाय पटकीसारखंच पाणी साठवतात, असं त्यात दिसलं. आज प्रवाशांच्या जुलाबाचं आणि गरीब देशांतल्या लहान मुलांच्या जुलाबाचं मोठं कारण म्हणून विष सोडणाऱ्या ई. कोलायचं नाव घेतलं जातं. त्या गोष्टीची सुरुवात इथं होते. तीन निबंधांपैकी सामान्य वाचकाला सर्वांत कमी माहीत असलेला हाच, आणि कदाचित सर्वांत दूरचं पाहणाराही हाच.

तिसरा १९५९चा, ज्यानं हे प्रकरण सुरू केलं. यात जंतूच वगळले. फक्त गाळीव द्रव.

त्याच वर्षी मुंबईत

इथं मराठी वाचकानं थोडं थांबावं असा भाग आहे. १९५९ मध्येच, डे यांच्यानंतर काही महिन्यांनी, अमेरिकेच्या 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'त दोन पानांची एक नोंद आली. लेखक: एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी. संस्था: परळची हाफकिन इन्स्टिट्यूट. त्यांनीही जंतुविरहित अर्कानं पटकीसारखे जुलाब घडवून दाखवले होते. प्राणी ससाच, पण बांधलेलं आतडं नव्हे, तर दूधपिती पिल्लं.

दूधपित्या सशाचं हे प्रारूप हाफकिनमध्येच आधी तयार झालं होतं. १९५५ मध्ये दत्ता आणि हब्बू यांनी ते छापलं, आणि त्यांचा हेतू विषाचा शोध हा नव्हताच. पटकीवर औषधं तपासायची तर रोग हुबेहूब होणारा प्राणी हवा, म्हणून ते बनवलं होतं. पिल्लाला खरेखुरे जुलाब होतात, ते सुकतं आणि मरतं. कलकत्त्याच्या पद्धतीत पाणी मोजता येतं, मुंबईच्या पद्धतीत आजार दिसतो.

दोन शहरं, दोन प्रयोगशाळा, एकाच वर्षी एकच निष्कर्ष. पटकीच्या विषाचा इतिहास सांगणारे जाणकार लेख आजही बहुतेकदा 'डे १९५९. दत्ता आणि सहकारी १९५९' असा जोड-संदर्भ देतात. पण छापील सायटेशन इंडेक्समध्ये एखादा पेपर फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली नोंदला जायचा. त्यामुळे त्या जाडजूड खंडांत पानसे किंवा कुलकर्णी ही नावं काढून कोणी या पेपरला मिळालेले संदर्भ शोधले असते तर हाती काही लागलं नसतं. कॅमेरॉनसोबतच्या पेपरमध्ये डे यांची गतही तीच. आणि 'डे' हे इंग्रजीत दोनच अक्षरांचं (De) आडनाव, त्याला इंग्रजी आद्याक्षरं जोडली की बंगालमधले किती तरी जण त्याच नोंदीत येऊन बसतात. युरोपातल्या 'de' लावणाऱ्या नावांची भर वेगळीच. आज लेखकाला क्रमांक देणाऱ्या व्यवस्था आहेत. तरीही जुन्या भारतीय नोंदी साफ करणं हे कंटाळवाणं, हातानं करायचं काम आहे.

वाचक नव्हते, कारण प्रश्नच वेगळा होता

१९५९च्या निबंधाला तत्काळ प्रतिसाद का मिळाला नाही? 'भारतीय होता म्हणून' हे उत्तर अपुरं आहे. 'नेचर' कोणी वाचत नव्हतं असंही नाही.

मोठं कारण असं की त्या वेळच्या पटकी-तज्ज्ञांचा प्रश्नच निराळा होता. पटकीत आतड्याचं अस्तर सोलून निघतं, ही एकोणिसाव्या शतकातली समजूत अजून जिवंत होती. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट, म्हणजे पुढं १९६० मध्ये नोबेल मिळालेले, यांनी १९४७ मध्ये स्टोन यांच्यासोबत दाखवलं होतं की पटकीच्या गाळीव द्रवातलं एक विकर (एन्झाइम) अस्तराच्या पेशी सुट्या करतं. एवढ्या मोठ्या माणसाचं स्पष्टीकरण हाताशी असताना कलकत्त्याच्या सशाकडे कोण पाहणार? अस्तर सोलून निघत असेल तर पाणी बाहेर येणं ओघानंच आलं, वेगळ्या विषाची गरज काय?

या समजुतीला खरा धक्का बसला १९६० मध्ये. गँगारोसा आणि सहकाऱ्यांनी बँकॉकमधल्या पटकीच्या रुग्णांच्या आतड्याचे छोटे तुकडे जिवंतपणी काढून तपासले. अस्तर शाबूत होतं. शवविच्छेदनात दिसणारं सोललेलं अस्तर हा मृत्यूनंतरच्या कुजण्याचा भाग होता. अस्तर शाबूत असूनही दिवसाला कित्येक लिटर पाणी वाहत असेल, तर पेशींना पाणी सोडायला कोणी तरी भाग पाडत असलं पाहिजे. आता डे यांच्या निबंधाला जागा तयार झाली.

दुसरं कारण पैशाचं आणि राजकारणाचं. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसीतून एल टोर (पटकीच्या जंतूचा एक प्रकार) पटकीची सातवी जागतिक साथ निघाली. त्याच सुमारास ढाक्याला सिएटोच्या, म्हणजे अमेरिकेच्या पुढाकारानं झालेल्या आग्नेय आशियाई लष्करी करार संघटनेच्या, पैशानं पटकी संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं पथक कलकत्त्यात आलं. अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळाही कामाला लागल्या, कारण आशियात ठेवलेल्या सैनिकांची चिंता होती. १९५९ मध्ये पटकीच्या विषावर जगात मूठभर लोक काम करत असतील. सहा-सात वर्षांत चित्रच पालटलं. पेपर तोच राहिला, त्याला वाचणारी पिढी नोकरीला लागली. सायटेशनचा आलेख चढतो तेव्हा शोधाची किंमत वाढलेली नसते, बऱ्याचदा त्या विषयातल्या पगारी जागा वाढलेल्या असतात.

आणि वाचक आले कसे, तेही पाहण्यासारखं आहे. १९६४ मध्ये रिचर्ड फिंकेलस्टाइन, नॉरिस आणि दत्ता यांचा निबंध आला, पिल्लू-सशांमधल्या प्रायोगिक पटकीवर आणि जंतुविरहित द्रव्यांवर. तिसरं नाव हाफकिनच्याच दत्तांचं! मुंबईची पद्धत अमेरिकेत गेली ती निव्वळ छापील पानांवरून नव्हे, तर माणसासोबत. १९६५ मध्ये जॉन क्रेग यांनी पटकीच्या विष्ठेत आणि गाळीव द्रवात असलेलं, सशाच्या त्वचेत रक्तवाहिन्या झिरपवणारं विषारी द्रव्य 'नेचर'मध्ये मांडलं. १९६९ मध्ये फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. डे यांनाही ते शुद्ध करायचं होतं. १९६० आणि १९६२ मधले त्यांचे निबंध त्याच दिशेचे आहेत. पण प्रथिनं शुद्ध करायला लागणारी साधनं कलकत्त्याच्या एका विकृतिशास्त्र विभागात नव्हती. शिकवणं, रुग्णालयाचे अहवाल आणि शवविच्छेदनं सांभाळून हे करायचं होतं. १९६१ मध्ये पटकीच्या विकृतिशास्त्रावर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि पुढं त्यांची यादी विरळ होत गेली.

कोणाच्या करिअरचा आलेख असा थांबतो तेव्हा 'नंतर काही केलं नाही' असं म्हणायची सवय असते. इथं थांबण्याचं कारण सरळ आहे. पुढच्या टप्प्याला लागणारी यंत्रसामग्री दुसऱ्या खंडात होती.

गारफील्डनं काय पाहिलं, आणि काय दिसणारच नाही

गारफील्डची पद्धत निव्वळ बेरजेची नव्हती. दोन जुने पेपर एकाच नव्या पेपरच्या संदर्भयादीत वारंवार एकत्र येत असतील तर त्या दोघांत काही नातं आहे, असं धरून तो विषयाचे पुंजके काढायचा. पटकीच्या नकाशावर डे यांचं काम नुसतं हजर नव्हतं, पायाशी होतं, आणि ते वर्षानुवर्षं वापरात राहिलं होतं. बहुतेक वैद्यकीय पेपर काही वर्षांत विस्मरणात जातात. तीस वर्षं जुना निबंध कोणी उघडत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे.

अशा उशिरा जाग्या होणाऱ्या निबंधांना सायटेशनचे अभ्यासक 'झोपलेल्या सुंदरी' म्हणतात. लायडनचे फान रान यांनी २००४ मध्ये ते नाव रूढ केलं. डे यांच्याबाबतीत ते पुरतं लागू पडत नाही असं मला वाटतं. १९५३चा पद्धतीचा निबंध फारसा झोपलाच नाही. बांधलेलं आतडं ही आंत्रविष तपासण्याची प्रमाण चाचणी झाली आणि पटकीशी संबंध नसलेल्या जंतूंवर काम करणारेही ती वापरू लागले. पद्धत वापरायला तिच्यामागची कल्पना पटावी लागत नाही. १९५९चा निबंध संदर्भात घ्यायचा तर मात्र आपली आधीची समजूत सोडावी लागत होती. एकाच माणसाच्या दोन निबंधांची नशिबं इतकी वेगळी असतील, तर दोन्हींची बेरीज करून 'एकूण सायटेशन' असा आकडा लिहिण्यात काय हशील?

दुसरी अडचण यशाची आहे. पटकीच्या विषाचा एक भाग आतड्याच्या पेशीवरच्या एका विशिष्ट ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतो, दुसरा भाग आत शिरून पेशीतला एक स्विच चालू अवस्थेत अडकवतो, चक्रीय एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि पेशी क्लोराइड व त्यामागून पाणी सोडत राहते. हे उलगडल्यावर विष स्वतःच प्रयोगशाळेतलं हत्यार झालं. ज्या जी-प्रथिनांच्या, म्हणजे पेशीतल्या अशाच स्विचांच्या, कामाला १९९४चं नोबेल मिळालं, त्या अभ्यासात पटकीचं विष वापरलं गेलं. मज्जातंतूंचे मार्ग शोधणारे लोक विषाचा चिकटणारा भाग आजही रंग म्हणून वापरतात. एक तोंडानं घ्यायची लस याच भागाचा उपयोग करते. या सगळ्यांच्या संदर्भयादीत डे असतात का? क्वचित. बाटली कंपनीकडून येते, वेष्टनावर शोध लावणाऱ्याचं नाव नसतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हेच ओळखलं होतं: शोध इतका अंगवळणी पडतो की त्याचा उल्लेख करणंच थांबतं. या टप्प्यानंतर सायटेशन कमी होणं हे वाढत्या प्रभावाचं चिन्ह असू शकतं.

आणि रुग्ण? क्षार-साखरेच्या पाण्यानं पटकी बरी करता येते, कारण अस्तर शाबूत असतं आणि विष चढलेलं असतानाही साखरेसोबत मीठ शोषलं जातं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनोबिस यांनी ड्रम भरभरून ते पाणी वाटलं, तेव्हा मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपासवरून साडेतीन टक्क्यांच्या घरात आलं. महालनोबिस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पंढरीच्या वाटेवर पटकीची सुई टोचून घेतलेल्या पिढीला या फरकाची किंमत वेगळी सांगायला नको. क्षारपाण्याचा शोध डे यांच्या निबंधातून सरळ निघाला असं म्हणणं मात्र अतिशयोक्ती ठरेल. ग्लुकोजसोबत सोडियम शोषलं जातं हे शरीरक्रियाशास्त्रातलं वेगळ्या वाटेनं आलेलं ज्ञान आहे. डे यांच्या कामानं तो उपाय का चालतो याचं अर्धं स्पष्टीकरण दिलं. एवढं श्रेय पुरेसं मोठं आहे, ते फुगवायची गरज नाही.

आजच्या पट्टीनं

हिर्श यांचा एच-निर्देशांक २००५चा. किमान 'एच' इतके संदर्भ मिळालेले 'एच' निबंध, अशी त्याची व्याख्या. त्यामुळे या पट्टीवर तीन महान निबंध कधीही तीनहून जास्त गुण मिळवू शकत नाहीत, प्रत्येकाला हजार संदर्भ मिळाले तरी. त्याउलट मध्यम वकुबाचे तीस निबंध, प्रत्येकी तीस संदर्भांचे, तीस गुण देतात. डे यांचे निबंध तीनहून बरेच अधिक होते. पण त्यांचं मोठेपण ज्यात आहे, नेमकं तेच ही पट्टी कापून टाकते.

आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणखी एक पट्टी आहे. बढतीसाठी निबंध लागतात. २०१५ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं खुलासा काढला की मूळ संशोधनाचे, ठरावीक सूचींत असलेल्या नियतकालिकांतले आणि पहिल्या किंवा दुसऱ्या लेखकाचेच पेपर धरले जातील. नियम नंतर सैलावले. पण २०१५च्या त्या हिशेबात १९५९चा 'नेचर'मधला निबंध म्हणजे एक नग. त्याच सूचीतल्या कुठल्याही साध्या निबंधाइतकाच एक नग. आणि हाफकिनच्या त्या नोंदीत तिसऱ्या स्थानी असलेल्या कुलकर्ण्यांच्या खात्यावर शून्य. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात बढतीच्या अर्जाआधी लेखकांच्या क्रमावरून काय काय घडतं, हे आतल्या माणसाला विचारा.

असं असूनही, डे यांच्यावर अन्याय या पट्ट्यांनी केलेला नाही. त्यांच्या हयातीत भारतात कोणी एच-निर्देशांक मोजत नव्हतं, बढतीला सायटेशन लागत नव्हतं. निर्णय घेत होते ते जाणकार सहकारी, अकादम्यांचे सदस्य, नामांकनं करणारे ज्येष्ठ. मोजपट्ट्यांना विरोध करताना आपण ज्यांच्या 'गुणात्मक पारखी'ची बाजू घेतो, नेमके तेच. १९६४ नंतर अमेरिकेतून निघणारा पटकीच्या विषावरचा महत्त्वाचा निबंध काढावा आणि त्याची संदर्भयादी पाहावी, तिथं डे होते. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवलं होतं. १९७८ मध्ये स्टॉकहोमला पटकीवर त्रेचाळिसावा नोबेल परिसंवाद भरला तेव्हा डे यांना आमंत्रण गेलं. आपण साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून मेलेलोच होतो, या समितीनं उकरून बाहेर काढलं, अशा अर्थाचं ते तिथं बोलले. देशातल्या कुठल्याही अकादमीनं तोवर, आणि त्यानंतरच्या सात वर्षांतही, त्यांना सदस्य करून घेतलं नाही. बंगळूरच्या 'करंट सायन्स'नं त्यांच्यावर विशेषांक काढला आणि या चुकीचा ठणकावून उल्लेख केला, तो १९९० मध्ये.

या माणसाच्या फाइलवर १९७३ मध्ये निवृत्तीच्या वेळी एखाद्या समितीनं नुसती सायटेशनची वर्षवार यादी जोडली असती, कोणत्या वर्षी, कोणत्या देशातल्या कोणत्या प्रयोगशाळेनं आणि पद्धतीसाठी की निष्कर्षासाठी, तरी चित्र स्पष्ट झालं असतं. १९५३ची पद्धत सर्वत्र, १९५९चा निष्कर्ष १९६० नंतर अमेरिकन प्रयोगशाळांत, १९५६चा ई. कोलाय जुलाबाच्या संशोधनात. त्यासाठी छापील इंडेक्सही लागला नसता. फिंकेलस्टाइन यांच्या चार-पाच निबंधांची शेवटची पानं कोणत्याही मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात एका दुपारी चाळता आली असती.